पान पुढं गेलंच नाही

सांगली, १४ नोव्हेंबर

प्रिय जयराज,

फोन केला होता, तू उचलला नाहीस. ठीक आहे. हे लेखीच असलेलं बरं, केंद्राच्या कामाला लागेल.

आपल्या महिला केंद्राच्या वेबसाइटवरचा, घरी मार खाणाऱ्या बायकांनी भरायचा मदतीचा फॉर्म बिघडला आहे. मंगळवारी दुपारी एका बाईनं तो भरला. आमच्याकडं तिची तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली, शब्द न शब्द तोच. 'फोन करू नका' या खुणेवर तिनं टिचकी मारली होती, त्यामुळं आम्ही फोन केला नाही. काल तिची शेजारीण केंद्रात आली तेव्हा सगळं कळलं. 'पाठवा' दाबल्यावर पान हललंच नाही. लिहिलेलं सगळं तसंच समोर राहिलं. गेलं की नाही ते कळेना, म्हणून ती बिचारी दाबत राहिली. तेवढ्यात नवरा रानातून आला. त्यानं तिच्या हातातला फोन घेतला आणि वाचलं.

पुढचं मी लिहीत नाही. ती दवाखान्यात आहे.

उन्हाळ्यात आपण दोघांनी बसून हे ठरवलं होतं. 'पाठवा' म्हटलं की त्याच क्षणी हवामानाचं पान उघडायला हवं. मागं जायचं बटण दाबलं तरी भरलेला फॉर्म दिसता कामा नये. घरातल्या कुणी फोन हिसकावून घेतला तर त्याला सांगली-मिरजेचं तापमान दिसावं, बाकी काही नाही. मी गावोगावच्या बचतगटांत जाऊन बायकांना हेच सांगत फिरले. बिनधास्त भरा, म्हटलं, मागं काही राहत नाही.

आधी तो फॉर्म काढून टाक आणि नुसता फोन नंबर ठेव. मग काय बिघडलंय ते शोध.

ब्राह्मी


सातारा, १६ नोव्हेंबर

ब्राह्मी,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. वाचून वाईट वाटलं. फॉर्म कालच उतरवला आहे.

पण खरं सांगू का, मला यात काही बिघाड दिसत नाही. माझ्या लॅपटॉपवर मी तो परत परत भरून बघितला. 'पाठवा' दाबलं की हवामानाचं पान येतं, मागं गेलं तर रिकामा फॉर्म दिसतो. मग बिघडलं कुठं? गावाकडं रेंज नसते. बाई घाबरलेली, फोन जुना, पान उघडायला वेळ लागला असेल. थोडं थांबली असती तर गेलं असतं. लोकांना दम नसतो, दाबतच राहतात, हा आमचा रोजचा अनुभव आहे. तिच्या फोनचं मॉडेल आणि ब्राउझर कुठला ते कळव. त्याशिवाय अंधारात चाचपडण्यासारखं आहे.

तुझ्या या फॉर्मचं दिवाळीत आमच्या घरी किती कौतुक झालं, हे तुला सांगायचंच राहिलं. उंब्रजला सगळे जमले होते. मी आईला आणि राणीला फोनवर दाखवला. राणी म्हणाली, "दादा, दाबल्यावर कुणालाबी दिसत न्हाई ना?" म्हटलं, कुणालाही नाही. बारावीपर्यंतच शिकली, पण नेमकं विचारते.

उशिराचं कारणही तीच, तिच्यामुळं सगळी कामं तुंबली. भाऊबीजेला आली ती आठवडा झाला तरी सासरी जायचं नाव घेईना. आई काळजीत पडली, गुंडाकाका येऊन बसले. शेवटी रविवारी मीच गाडीत घालून आष्ट्याला सोडून आलो. सूरज, म्हणजे आमचे दाजी, जरा तापट आहेत, पण माणूस कष्टाळू. त्यांच्याशी चहा घेत बसलो, समजावून सांगितलं, मिटवलं. ती रुसली आहे अजून, फोन घेत नाही. होईल ठीक.

तेवढं मॉडेल कळव.

जयराज


सांगली, १८ नोव्हेंबर

जयराज,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

मॉडेल मिळणार नाही. फोन नवऱ्याकडं आहे. ती थांबली असती तर, हे वाक्य मी कुणाला वाचून दाखवणार नाही. फॉर्म तू बनवला आहेस, चूक तुझ्याकडं शोध.

आणखी एक. राणीला सासरी जायचं नव्हतं, असं तू लिहितोस. का जायचं नव्हतं, हे तू तिला विचारलंस का?

ब्राह्मी


सातारा, १९ नोव्हेंबर

ब्राह्मी,

सापडलं. तुझा राग समजू शकतो, पण आधी हे वाच.

फॉर्म आला की सर्व्हर ब्राउझरला एक निरोप देतो, 'आता अमुक पानावर जा'. हा निरोप पानाचा मजकूर निघायच्या आधी द्यावा लागतो. मजकुराचं एक अक्षर जरी पुढं निघून गेलं, नुसती एक मोकळी ओळ जरी गेली, तरी मग निरोप देता येत नाही. सर्व्हर मुकाट्यानं पुढचं काम करतो, म्हणजे तेच पान परत दाखवतो. आणि एखादीचा काही रकाना चुकला तर सगळं पुन्हा लिहावं लागू नये म्हणून आधी भरलेला मजकूर तसाच ठेवायची सोय मीच केली होती. त्यामुळं तक्रार तुमच्याकडं पोचली, पण पान जागचं हललं नाही, आणि लिहिलेलं सगळं समोर राहिलं.

मोकळी ओळ कुठून आली? तू केंद्राचा नवा फोन नंबर टाकायला सांगितला होतास. तो मी रविवारी सकाळी थेट सर्व्हरवरच्या फाईलमध्ये बदलला. राणीला घेऊन निघायचं होतं, आई दारात पिशव्या ठेवून उभी होती. फाईलच्या अगदी वर, कोड सुरू होण्याआधी, एक ओळ मोकळी राहून गेली. नंबर बरोबर दिसला, म्हणून तसाच निघालो. फॉर्म भरून बघितला नाही.

माझ्या लॅपटॉपवर का चालत होतं? सर्व्हरवरची तीच फाईल मी इथं आणून चालवली, पण इथं मजकूर थोडा वेळ अडवून ठेवायची सोय चालू आहे, त्यामुळं निरोप उशिरा दिला तरी खपतो. सर्व्हरवर ती सोय बंद आहे. आणि चुका लोकांना पडद्यावर दिसू नयेत म्हणून तेही मीच बंद करून ठेवलेलं. म्हणून कुणाला काही कळलं नाही.

आता ओळ काढली आहे. निरोप दिल्यावर कोड तिथंच थांबेल अशी व्यवस्था केली आहे. भरलेला मजकूर परत दाखवणं पूर्ण बंद केलं आहे. या वेळी सर्व्हरवरच, तीन-चार वेगवेगळ्या फोनवरून तपासलं. इतकी बारीक चूक शोधायला लोकांना आठवडे लागतात. मी आज सकाळी बसलो आणि जेवायच्या आधी काढली.

राणीचं विचारलंस. आता काय विचारायचं, आईशी बोलली असेल ती. दंडावर निळं दिसत होतं, मी विचारलं तर म्हणाली गोठ्यात पाय घसरला. काल दाजींचा फोन आला, न सांगता कुठंतरी गेली म्हणे. कराडला मावशीकडं असेल. आई म्हणते राग उतरू दे, मग बघू.

फॉर्म परत चालू करू ना?

जयराज


सातारा, २६ नोव्हेंबर

ब्राह्मी,

तुझं उत्तर नाही. आता का नाही ते कळलं.

राणी मावशीकडं नव्हतीच. शनिवारी मी आष्ट्याला गेलो. दाजी पडवीत बसले होते. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी म्हटलं, "राणी कुठं आहे?" तर त्यांनी फोन माझ्यापुढं टाकला. "वाच. तुझ्या भनीनं जगाला काय सांगितलंय ते वाच."

पडद्याचा फोटो काढून ठेवलाय त्यांनी. पाव्हण्या-रावळ्यांना पाठवलाय. वर आपल्या फॉर्मचं शीर्षक, तो फिकट हिरवा रंग, तू निवडलेला. खाली राणीचं लिहिणं. मी ते उभ्या उभ्या वाचलं. दाजींनी काय काय केलं, किती दिवसांपासून, सगळं. शेवटच्या ओळीत, 'माहेरी सांगितले. भाऊ परत सोडून गेला.'

मी काय बोललो मला आठवत नाही. दाजींची आई आतून म्हणाली, "पोरीला शिकवलंसा आन् आता आमच्या नावानं रडतासा." मी बाहेर आलो तर शेजारच्या बनुबाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनीच राणीला सांगलीला नेलं होतं, भाच्याच्या टेम्पोत घालून. मला म्हणाल्या, "मनगट मोडलं हुतं, कानातनं रगात येत हुतं. तू भाऊ न्हवं तिचा? मग इतक्या उशिरा कसा?"

तू तिला पहिल्या दिवसापासून ओळखून होतीस. मी मॉडेल विचारत होतो आणि तुला माहीत होतं ती कोण आहे. एक शब्द लिहिला नाहीस. इतक्या वर्षांची आपली मैत्री, एका बाकावर बसून शिकलो. तुला मला सांगावंसं वाटलं नाही? मला काही माहीत नव्हतं, ब्राह्मी. माहीत असतं तर मी तिला सोडून आलो असतो का?

कुठं आहे ती? पत्ता पाठव. मी लगेच निघतो.

जयराज


सांगली, २८ नोव्हेंबर

जयराज,

पत्ता देणार नाही. तिनं तसं सांगितलं आहे आणि तिनं सांगितलं नसतं तरी नियम तोच आहे.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती तुझी बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. आडनाव सासरचं, दवाखान्यात ती कुणाशी बोलतही नव्हती. तुझं उत्तर आलं, त्यात आष्टा, रविवार आणि राणी हे एकत्र आलं, तेव्हा कळलं. मी तशीच दवाखान्यात गेले. तिच्या खाटेजवळ बसून विचारलं, तू जयराजची बहीण का? तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. तशीच म्हणाली, "ताई, दादाला सांगू नका. तो गाडी घेऊन यील."

तुला मैत्रीचं वाटतंय. माझ्याकडं येणाऱ्या बाईचं नाव मी तिच्या माणसांना सांगत नाही, मग ती माणसं माझी कुणीही असोत. सोपं गेलं नाही मला. तू बिघाड किती हुशारीनं शोधलास ते सगळं लिहिलंस, आणि त्याच कागदावर दंडावर निळं दिसलं होतं हेही लिहिलंस. एक ओळ मोकळी राहिली ते शोधायला तू सकाळभर बसलास. निळं कशानं झालं यासाठी तुला एकच प्रश्न पुरला.

माझंही म्हणणं ऐक. 'मागं काही राहत नाही' असं मी ज्या बायकांना सांगितलं, त्यांच्या गावी जायला आता मला तोंड नाही. परवा एका बचतगटात एक म्हातारी म्हणाली, "त्या आष्ट्याच्या पोरीचं असंच झालं न्हवं?" मी खाली बघितलं.

फॉर्म चालू करू नको. सध्या नुसता नंबर राहू दे.

ब्राह्मी


सातारा, १७ डिसेंबर

ब्राह्मी,

राणीनं केस केल्याचं कळलं. कोर्टाचा कागद आष्ट्याला पोचल्यावर दाजींचे दोघे चुलते आणि गावातली दोन वजनदार माणसं उंब्रजला आली. आमच्याकडून गुंडाकाका, आई आणि मी. ते म्हणतात, केस मागं घ्या, आम्ही लेखी देतो की इथून पुढं हात उचलणार नाही. वेगळं घर करून देतो असंही म्हणाले. आईनं माझ्याकडं बघितलं. ती रोज रडते. गल्लीतल्या बायका तो फोटो बघून आल्यात, तिला पाण्याला जायची लाज वाटते.

मला हे पटतं असं नाही. पण आई म्हणते, एकटी पोर कुठं आणि किती दिवस राहील. हा निरोप राणीपर्यंत पोचवशील का? निर्णय तिचा. मी फक्त पोचवतोय.

आणि तिला सांग की फॉर्म मी पूर्ण नव्यानं लिहिला आहे. आता असं कुणाचंच होणार नाही.

जयराज


(ब्राह्मीच्या पाकिटातून आलेलं पत्र)

६ जानेवारी

दादा,

ताईंनी तुझा निरोप वाचून दाखवला. उत्तर मीच लिहिते म्हणाले. उजवा हात अजून नीट चालत न्हाई, म्हणून अक्षर असं.

केस मागं घेणार न्हाई. आईला सांग.

मी कुठं हाय ते शोधू नको. वरच्या अंगाला हाय, थंडी लय हाय. एका शाळेच्या वसतिगृहात सैपाकात लागले. पोरी मावशी म्हणत्यात. झोपताना दाराला आतनं कडी लावते. ती कडी माझी हाय.

तू त्या पानाचं लय मनाला लावून घेतलंस असं ताई म्हणाल्या. मी तुला त्या दिवशीचं सांगते. लिहून झालं, दाबलं. पान तसंच. मला वाटलं मलाच येत न्हाई. तू दाखवलं हुतंस तेव्हा मी नीट बघितलं न्हाई, माझंच चुकतंय. म्हणून परत दाबलं. दाराचा आवाज आला तवासुद्धा मी दाबतच हुते. पानात चूक हाय हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

पण दादा, पानाची चूक मी धरत न्हाई. ते यंत्र हाय. मी आठवडाभर घरात हुते. आईला पाठ उघडून दाखवली. तू तवा चुलीजवळ पाणी प्यायला आलातास, आई माझा पदर ओढत हुती, तू बघितलंस आन् बाहेर गेलास. मग गुंडाकाकांना बोलावलं. मी गाडीत सगळ्या वाटेनं रडत हुते, तू गाण्याचा आवाज वाढवलास. हे कुठल्या ओळीनं झालं ते तू शोध.

वकीलबाई म्हणत्यात, घरच्या माणसाची साक्ष लागंल. आई यायची न्हाई. तू येणार का ते तू ठरव. मी इनवत न्हाई.

राणी


सातारा, १९ जानेवारी

ब्राह्मी,

राणीला सांग, मी येतो. कधी आणि कुठं ते कळव. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जयराज


सांगली, २१ जानेवारी

जयराज,

तारीख लागली की वकीलबाई कळवतील. तिला सांगितलं.

ब्राह्मी


सातारा, ९ ऑगस्ट

ब्राह्मी,

माझ्या साक्षीच्या दिवशी तू मुंबईला होतीस, म्हणून लिहितो. वकीलबाईंनी तुला निम्मं सांगितलं असेल, उरलेलं मी सांगतो.

गुंडाकाकांनी आदल्या दिवशी घरी येऊन बजावलं होतं, की साक्ष दिलीस तर भावकी संपली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी सकाळी निघालो तेव्हा डबा भरून कट्ट्यावर ठेवला होता, पण ती स्वतः दिसली नाही.

आपल्या वकीलबाईंनी विचारलं ते मी सांगितलं. फॉर्म, पान, आष्ट्याला काय झालं, बनुबाई काय म्हणाल्या. त्यात मला अडचण नव्हती. मग दाजींचे वकील उठले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी फॉर्मबद्दल एकही प्रश्न केला नाही. म्हणाले, "दहा नोव्हेंबरला बहिणीला सासरी कोण सोडून आलं?"

"मी."

"तुमच्या गाडीतून? स्वखुशीनं?"

"हो."

"तिथं चहा घेतलात. हसून बोललात. बरोबर?"

"हो."

"तुम्ही शिकलेले आहात. स्वतःचा व्यवसाय आहे. बहिणीवर प्रेम आहे. तिला जर मारहाण होत असती, तर तुमच्यासारखा भाऊ तिला तिथं सोडून आला असता का?"

हेच वाक्य मी तुला नोव्हेंबरात लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यांच्या तोंडून ते ऐकताना कळलं, की त्यांची सगळी केस माझ्यावर उभी आहे. मी चांगला भाऊ ठरलो, की राणी खोटी ठरते.

वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या. दाजी पलीकडच्या बाकावर हात बांधून निवांत बसले होते. राणी पहिल्या रांगेत होती. केस बारीक कापलेत तिनं. मनगट अजून वाकडं दिसतं.

मी म्हणालो, "मला माहीत होतं. मी तिची पाठ बघितली होती. माहीत असून सोडून आलो."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "पुन्हा सांगा, लिहून घ्यायचं आहे." मी पुन्हा सांगितलं. टंकलेखकानं ते टाइप केलं, मग मला वाचून दाखवलं, मी सही केली. दाजींच्या वकिलांनी कागद गोळा केले आणि खाली बसले.

वकीलबाई म्हणतात, निकाल आपल्या बाजूनं जाईल. ते तुला कळेलच.

बाहेर व्हरांड्यात राणी भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेलो. जवळजवळ नऊ महिन्यांनी तिच्यासमोर उभा होतो. तिनंच विचारलं, "आईनं डबा दिला का?" मी पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"हे आज तिथं बोललास ते," ती म्हणाली, "घरात बोलायचं हुतंस. कोर्ट लागलं नसतं."

आणि वकीलबाईंच्या मागोमाग जिना उतरून गेली.

जयराज